चावी आत, गाडी बंद

लग्नाच्या हॉलबाहेर दुपारी हमखास घडणारा प्रकार. मंडळी निघण्याच्या घाईत असतात. एकाच्या हातात आहेराच्या पिशव्या, दुसऱ्याच्या हातात लाडू-चिवड्याचे डबे, कडेवर पेंगुळलेले मूल. रिमोटचे बटण दाबून गाडी उघडली जाते, डिकी वर जाते. सामान रचायला दोन्ही हात लागतात म्हणून चावी तिथेच पिशवीशेजारी ठेवली जाते. तेवढ्यात मागून हाक येते, निरोपाचे दोन शब्द होतात, डिकी खाली येते. मग पुढचे दार उघडायला जावे, तर ते बंद!

गाडीने तिचे काम चोख केलेले असते. रिमोटने लॉक उघडल्यानंतर साधारण ३० सेकंदांत एकही दार उघडले नाही, तर बटण चुकून दाबले गेले असावे असे गाडी धरून चालते आणि स्वतःला पुन्हा लॉक करून घेते. ही सोय चोरी टाळण्यासाठी आहे. खिशात दबून रिमोटचे बटण दाबले गेले आणि गाडी रात्रभर उघडी राहिली, असे होऊ नये म्हणून. मात्र काही गाड्यांत डिकी उघडणे हे ‘दार उघडणे’ या हिशेबात येतच नाही. माणूस सामान लावत असतो आणि चारही दारे त्याच्या नकळत बंद झालेली असतात. काही हॅचबॅकमध्ये तर डिकी स्वतंत्रपणे उघडता येते. दारे मुळात लॉकच असतात, आणि चावी आत टाकून डिकी लावली की सगळे संपले.

यावर घरच्यांचा निकाल ठरलेला असतो: वेंधळेपणा! हा निकाल अन्यायाचा आहे. विसराळू माणसाच्याच हातून हे होते, हा समजही खरा नाही. अमेरिकेतील ‘ट्रिपल ए’ या वाहनचालकांच्या सर्वात मोठ्या संघटनेने २०१५ या एका वर्षात गाडीबाहेर अडकलेल्या चाळीस लाखांहून अधिक लोकांना मदत केली होती. त्या काळात तिथे रिमोट आणि स्मार्ट चाव्या सर्रास झाल्या होत्या, तरी आदल्या पाच वर्षांत हा आकडा फारसा हललेला नव्हता. इतकी माणसे दरवर्षी त्याच जागी चुकत असतील, तर दोष माणसांच्या डोक्यात शोधण्यापेक्षा कामाच्या क्रमात शोधायला हवा.

मायकेल बर्न आणि सुझन बोव्हेअर या दोन अमेरिकी संशोधकांनी १९९७ मध्ये नेमका हाच धागा पकडला. झेरॉक्स काढून झाल्यावर मूळ कागद यंत्रातच राहतो, पैसे घेतल्यावर कार्ड एटीएममध्ये राहते, पेट्रोल भरल्यावर टाकीचे झाकण तसेच राहते. या सगळ्या चुकांची जात एक आहे. मुख्य काम फत्ते होते आणि नेमकी त्यानंतर करायची एक किरकोळ कृती शिल्लक असते. मनाच्या लेखी काम संपलेले असते, त्यामुळे ती शेपटाची कृती गळून पडते. त्यांच्या प्रयोगांत असेही दिसले, की डोक्यात त्याच वेळी दुसरे काही घोळत असले, की ही चूक वाढते. हॉलबाहेरच्या त्या माणसाचे मुख्य काम होते सामान ठेवणे. डिकी लागली, काम झाले. चावी उचलणे हे शेपूट होते, आणि तेवढ्यातच हाक आली होती.

अनेक बँकांनी यावर उपाय केला तो सूचनांच्या पाट्या लावून नव्हे. त्यांनी यंत्राचा क्रमच बदलला. आधी कार्ड काढून घ्या, मगच नोटा बाहेर येतील. डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रोजच्या वस्तूंच्या रचनेवरील पुस्तकात अशा सक्तीच्या रचनांचा विचार मांडला आहे आणि त्यात गाडीच्या चावीचीही चर्चा आहे. चावीशिवाय बाहेरून दार लॉकच होणार नाही अशी गाडी केली, तर चावी आत राहण्याचा प्रश्नच उरत नाही.

अशा गाड्या होत्याही. अनेक जुन्या गाड्यांत चालकाचे दार उघडे असताना खटका दाबला, तर दार लावताना तो आपोआप वर येई. दार लॉक करायचे तर बाहेर उभे राहून चावी फिरवा, किंवा बाहेरचे हँडल मुद्दाम ओढून धरून दार लावा. दोन्ही गोष्टी चुकून होण्याजोग्या नाहीत. अमेरिकेत १९७० पासून आणखी एक सक्ती आली. चावी इग्निशनमध्ये असताना चालकाने दार उघडले, तर गाडीने आवाज करून इशारा दिलाच पाहिजे. हा नियम चोरीला आळा घालण्यासाठी केलेला होता, कारण चावी लावून सोडलेल्या गाड्या चोरांच्या हाती आयत्या पडत. पण त्या आवाजाने चावी आत ठेवून बाहेर पडणारे कितीतरी लोकही भानावर येत.

पुढे सेंट्रल लॉक आले आणि हा जुना क्रम मोडला. एक बटण दाबले की चारही दारे बंद. आतून दाबले तरी बंद, बाहेरून दाबले तरी बंद. गाडी लॉक करण्यासाठी चावी हातात असण्याची गरजच राहिली नाही.

ही अडचण काही उत्पादकांच्या लवकर लक्षात आली होती. फोर्ड कंपनीने १९८० मध्ये आपल्या काही मोठ्या गाड्यांच्या चालकाच्या दारावर पाच बटणांची पट्टी बसवली. पाच आकडी संकेतांक दाबला की दार उघडते. चावी आत राहिली तरी चालेल, आकडा डोक्यात असतो. इतका साधा उपाय जगभर पसरायला हवा होता. तसे झाले नाही. १९८२ मध्ये फ्रान्समध्ये रेनॉ कंपनीच्या ‘फ्युएगो’ गाडीला रिमोटचे सेंट्रल लॉक आले आणि पुढची सगळी वाट रिमोटची झाली. पॉल लिपशुट्झ हे त्याचे जनक. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून फ्रान्समध्ये गाडीच्या रिमोटला आजही ‘प्लिप’ म्हणतात.

सुरुवातीच्या रिमोटमध्ये एक मोठी खोट होती. प्रत्येक वेळी तोच संकेत हवेत जाई, त्यामुळे तो टिपून पुन्हा वाजवला की गाडी उघडत असे. दक्षिण आफ्रिकेतील नॅनोटेक या कंपनीत ऐंशीच्या दशकात ‘कीलॉक’ ही पद्धत तयार झाली, आणि १९९५ मध्ये ती अमेरिकेच्या मायक्रोचिप कंपनीने विकत घेतली. या पद्धतीत प्रत्येक वेळी बटण दाबले की संकेत बदलतो. गाडीला पुढचे संभाव्य संकेत ठाऊक असतात, एकदा वापरलेला मात्र ती पुन्हा मानत नाही. या पद्धतीतही पुढे त्रुटी सापडल्या, पण गाडीचे लॉक म्हणजे धातूचे यंत्र ही कल्पना तिथून मागे पडली. आजची चावी हे एक छोटे रेडिओ केंद्र आहे.

पुश बटणाच्या गाडीत हे केंद्र कसे चालते, ते जरा जवळून पाहण्यासारखे आहे. चावी खिशात असते. माणूस दाराच्या हँडलवरचे बटण दाबतो. त्या क्षणी हँडलमध्ये, डॅशबोर्डखाली, मागच्या बंपरजवळ बसवलेल्या अँटेना १२५ किलोहर्ट्झच्या आसपासची अगदी कमी वारंवारितेची साद घालतात. ही साद मीटर-दीड मीटरपलीकडे फारशी जात नाही, आणि तेच हवे असते. झोपलेली चावी त्या सादेने जागी होते, कोणत्या अँटेनाचे क्षेत्र किती जोरात जाणवले ते मोजते आणि भारतातल्या गाड्यांत साधारण ४३३ मेगाहर्ट्झवर उत्तर पाठवते. त्या मोजणीवरून गाडी ठरवते, की चावी बाहेर आहे की आत. बाहेर असेल तर दारे लॉक होतात. आत असेल तर गाडी बीप-बीप करत नकार देते.

म्हणजे प्रश्न सुटला? बराचसा, हो. पुश बटणाच्या गाडीत चावी अडकण्याचा धोका खूपच कमी आहे. पण हा निवाडा शेवटी चुंबकीय क्षेत्राच्या मोजमापावर चालतो, आणि ते मोजमाप चुकू शकते. चावी लॅपटॉपला चिकटून बॅगेत पडली असेल, मोबाइलच्या पाठीला टेकलेली असेल, स्टीलच्या डब्यात असेल, डिकीत स्टेपनीच्या खळग्यात जॅकशेजारी घरंगळली असेल किंवा डॅशबोर्डच्या टोकाला काचेपाशी ठेवली असेल, तर गाडीला ती सापडतेच असे नाही. चावीचा सेल मरायला आला असेल तरी तेच. तेव्हा गाडीला वाटते, आत चावी नाही. गाड्यांच्या माहितीपुस्तिकांत या जागांबद्दल इशारे छापलेले असतात, पण पुस्तिका ग्लव्ह बॉक्समध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत पडून असते. जाडजूड असली तरी तिची चावीविषयीची पाने वाचून घ्यावीत. गाडीगणिक नियम वेगळे असतात आणि आपल्या गाडीचा नियम तिथेच मिळतो.

दुसरा धोका इंजिन चालू ठेवून उतरण्याचा. पावसात काच पुसायला, सोसायटीचे फाटक उघडायला, घाटात मागच्या टायरकडे एक नजर टाकायला माणूस उतरतो, दार सवयीने ढकलतो. साध्या चावीच्या गाडीत आतल्या लॉकच्या बटणाला कोपर लागलेले असेल, किंवा मागे बसलेल्या मुलाने ते दाबले, की गाडी चालू आणि चालक बाहेर. पुढच्या सीटवर ठेवलेला कुत्रा खिडकीशी पाय टेकवून उभा राहतो, तेव्हा त्याचा पंजा नेमका त्या बटणावर पडू शकतो. इंजिन बंद करून चावी हातात घेऊन उतरणे, एवढाच यावरचा उपाय, आणि फाटक पाच पावलांवर असले तरी तो लागू आहे.

आता प्रत्यक्ष प्रसंग आलाच तर काय?

पहिला प्रश्न एकच: आत कोणी आहे का? आत मूल, म्हातारे माणूस किंवा जनावर असेल, तर पुढचा सगळा हिशेब बदलतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी उन्हाळ्यातल्या वेगवेगळ्या १६ दिवशी उभ्या गाडीतले तापमान मोजले आणि २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. बाहेर २२ ते ३५ अंश सेल्सिअस तापमान असताना गाडीतले तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी चढले, आणि यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. बाहेर जेमतेम २२ अंश, म्हणजे महाबळेश्वरची सुखद दुपार असतानाही आत ४७ अंश झाले होते. खिडकी दोन बोटे खाली ठेवल्याने म्हणावा असा फरक पडला नाही. विदर्भातल्या मे महिन्याच्या उन्हात काय होईल ते सांगायला नको. त्यात लहान मुलाचे शरीर मोठ्या माणसाच्या तिप्पट ते पाचपट वेगाने तापते. शरीराचे तापमान ४० अंशांपुढे गेले की उष्माघाताची हद्द सुरू होते. अमेरिकेत १९९८ पासून दरवर्षी सरासरी ३७ मुले गाडीत तापून दगावली आहेत.

आपल्याकडेही हे घडते. जून २०२३ मध्ये नागपूरच्या टेका नाका परिसरात घराजवळ उभ्या असलेल्या गाडीत तीन लहान मुले मृतावस्थेत सापडली. एप्रिल २०२४ मध्ये मुंबईच्या अँटॉप हिलमध्ये पाच आणि सात वर्षांची भावंडे अशीच गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गुजरातमधील अमरेली जिल्ह्यात शेतमजुराची चार मुले बंद गाडीत गुदमरली. या घटनांत कोणी मुलांना गाडीत ठेवून गेले नव्हते. मुले खेळता खेळता आत शिरली आणि त्यांना बाहेर पडता आले नाही. चावी अडकण्याच्या प्रकाराची ही दुसरी, भयानक बाजू आहे. उभी गाडी नेहमी लॉक असावी आणि तिची चावी मुलांच्या हाती लागेल अशा खिळ्यावर टांगलेली नसावी. घरात मूल हरवले आहे असे वाटले, तर विहिरीइतकेच आसपासच्या गाड्यांतही आधी पाहावे. आणि रांगत्या मुलाला रडू नये म्हणून रिमोट खेळायला देऊन सीटबेल्टमध्ये बसवण्याची सवय आजच्या आज सोडावी. आई दार लावून पलीकडच्या बाजूला जाईपर्यंत मुलाच्या बोटाखाली लॉकचे बटण आलेले असते.

मूल आत असेल आणि ऊन असेल, तर चावीवाल्याची वाट पाहायची नाही. ११२ ला फोन लावायचा. मूल हुशारीत असेल, खुणांना प्रतिसाद देत असेल आणि मदत दोन-चार मिनिटांत पोहोचणार असेल तरच थांबायचे. मूल घामाघूम, सुस्त किंवा निपचित दिसत असेल तर काच फोडायची. काचेची किंमत, वाकडे दार, मालक काय म्हणेल, यातले काहीही त्या क्षणी मनात आणू नये. गाडी अनोळखी माणसाची असली तरीही नाही. मोठी हानी टाळण्यासाठी, कसलाही गुन्हेगारी हेतू न ठेवता, सद्भावनेने केलेली कृती गुन्हा ठरत नाही, असे भारतीय न्याय संहितेचे कलम १९ सांगते. जुन्या दंडसंहितेत हेच कलम ८१ होते.

काच फोडण्याचेही शास्त्र आहे. पुढची मोठी काच फोडायला जाऊ नये. ती दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पडदा चिकटवून केलेली असते. तडकते, पण उघडत नाही. बाजूच्या काचा बहुतेक गाड्यांत टफन केलेल्या असतात. कारखान्यात त्या सहाशेहून अधिक अंशांपर्यंत तापवून हवेच्या झोताने एकदम थंड करतात. पृष्ठभाग आधी घट्ट होतो, गाभा मागाहून आकसतो, त्यामुळे बाहेरचा थर कायम दाबाखाली आणि आतला थर ताणाखाली राहतो. म्हणूनच अशा काचेवर मुठीने किंवा बुटाने कितीही मारले तरी ती उसळी देते. पण त्या दाबाच्या थराला टोकदार वस्तूने भेदले, की आतला ताण एका क्षणात सुटतो आणि संपूर्ण काच ज्वारीच्या दाण्यांसारखी कणाकणाने गळून पडते. म्हणून जोरापेक्षा टोक महत्त्वाचे. स्क्रूड्रायव्हर, चाकाचा पाना, टोकदार दगड चालतो. मारायचे ते काचेच्या मध्यावर नाही, खालच्या कोपऱ्यात, कारण मध्यभागी काच लवते आणि घाव शोषून घेते. मुलापासून सर्वांत दूरची खिडकी निवडायची, हाताला ओढणी, टॉवेल काहीही गुंडाळायचे, तोंड फिरवायचे. मागच्या दाराची ती छोटी तिकोनी काच स्वस्त पडेल असा हिशेब अनेक जण करतात. तो बऱ्याचदा चुकतो. ती काच पक्की चिकटवलेली असते, सहज मिळत नाही, आणि तिच्यातून हात घालून आतल्या हँडलपर्यंत पोहोचणेही कठीण जाते. काही महागड्या गाड्यांत बाजूच्या काचाही पडद्याच्या असतात. एक काच नुसतीच तडकत राहिली, तर वेळ न घालवता मागच्या डिकीच्या काचेकडे वळावे.

आत कोणी नसेल, तर मात्र घाईचे काहीच कारण नाही. गाडी सावलीत उभी नसली तरी तिचे काही बिघडत नाही. आधी पाचही दारे एकेक करून ओढून पाहावीत. चालकाच्या बाजूचे दार लागले म्हणून सगळी लागली, असे गृहीत धरून लोक तासभर उन्हात उभे राहतात आणि मागचे डावे दार उघडे निघते. मग घरातली दुसरी चावी आणायला किती वेळ लागेल, याचा हिशेब करावा. पुण्याच्या पुण्यात असाल, तर एखाद्या नातेवाइकाला रिक्षाने चावी घेऊन बोलावणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सुरक्षित मार्ग आहे. त्यात गाडीला एक ओरखडाही पडत नाही.

इंटरनेटशी जोडलेल्या गाड्यांना आणखी एक वाट आहे. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९९६ मध्ये ‘ऑनस्टार’ ही सेवा आणली. ग्राहकाने फोन करायचा, ओळख पटवायची, की केंद्रातला माणूस दुरून दार उघडून देई. भारतात २०१९ नंतर आलेल्या अनेक गाड्यांत ही सोय कंपनीच्या मोबाइल अ‍ॅपमध्ये आहे. फक्त ते अ‍ॅप आधीच सुरू केलेले हवे, त्याची वर्गणी संपलेली नसावी आणि गाडी नेटवर्क नसलेल्या तळघरात उभी नसावी. शिवाय अनेकदा चावीबरोबर मोबाइलही आत राहतो. म्हणून अ‍ॅप घरातल्या दुसऱ्या एका माणसाच्या फोनवरही सुरू ठेवणे शहाणपणाचे.

विमा पॉलिसीत रस्त्यावरील मदतीची पुरवणी घेतली असेल, किंवा नव्या गाडीबरोबर कंपनीची मदतसेवा मिळाली असेल, तर गाडीबाहेर अडकणे हा त्यांच्या लेखी नेहमीचा प्रकार आहे. त्यांचा क्रमांक अनेकदा गाडीच्या काचेवरच्या स्टिकरवर असतो, तेव्हा तो बाहेरूनही वाचता येतो! एक्स्प्रेस वेवर असाल तर गाडीजवळ ताटकळू नये. कठड्याच्या पलीकडे सुरक्षित जागी उभे राहून फोन करावा.

राहिला चावीवाला. त्याचे काम पाहिले, तर गाड्या किती बदलल्या ते कळते. साध्या गाडीच्या कुलपात पितळी पत्त्यांची एक रांग असते. प्रत्येक पत्तीला मधोमध खाच आणि मागे बारीक स्प्रिंग. बरोबर चावी गेली की तिचे दाते सगळ्या पत्त्यांना एका पातळीत आणतात आणि नळी फिरते. चुकीची चावी असेल, तर एखादी पत्ती बाहेर डोके काढून नळी अडवते. नळीच्या मागे एक दांडी, दांडीला जोडलेली दाराची कडी. जुन्या गाड्यांत ही दांडी काचेच्या खाली उघडीच असे. काच आणि रबराच्या बीडिंगमधून पोलादी पट्टी खाली सोडायची, दांडीला अडकवायची आणि वर ओढायची. गॅरेजमधल्या पोऱ्यालाही हे जमे, आणि चोरालाही.

आजच्या गाडीत तीच पट्टी घालणे म्हणजे नुकसानीला आमंत्रण. दांडीच्या जागी कवचातली तार आली आहे, कडीवर आच्छादन आहे आणि दाराच्या पोकळीत पॉवर विंडोच्या, स्पीकरच्या, आरशाच्या वायरी आहेत. बाजूने धडक बसल्याचे ओळखणारा एअरबॅगचा सेन्सरही अनेक गाड्यांत तिथेच असतो. एखादी वायर सोलवटली, तर बिघाड त्या दिवशी दिसत नाही. पुढच्या पावसाळ्यात दिसतो. म्हणून जाणता चावीवाला दाराच्या वरच्या कोपऱ्यात रबराची हवेची पिशवी सरकवतो, पंपाने हळूहळू फुगवतो आणि तयार झालेल्या फटीतून लांब, वेष्टन चढवलेली सळई आत घालून आतला खटका ओढतो किंवा चावीच उचलून आणतो. त्याचे कसब पिशवी किती फुगवायची यात आहे. जास्त फुगवली, तर दाराची चौकट वाकते आणि मग वेगात वाऱ्याची शिट्टी, पावसात सीटवर पाणी. हे काम यूट्यूबवर पाहून घरच्या कोट हँगरने करू नये. चावीवाल्यानेही गाडीचे कागद आणि मालकाची ओळख मागायला हवी. तो मागत असेल तर राग येऊ देऊ नये. उलट मागत नसेल, तर दुसरा शोधावा. कागद गाडीतच असतील, तर डिजिलॉकरमधले आरसी दाखवता येते.

चावी हातात आहे, पण गाडी दाद देत नाही, हाही याच घरातला प्रश्न. रिमोटमधला बटणासारखा सेल, बहुतेक चाव्यांत सीआर २०३२ जातीचा, दोन-तीन वर्षांत संपत येतो. स्मार्ट चावीच्या पोटात धातूची एक छोटी पाती दडवलेली असते. कडेचा खटका सरकवला की ती निघते. तिचे भोक चालकाच्या दाराच्या हँडलवर, अनेक गाड्यांत एका प्लॅस्टिकच्या झाकणाखाली लपलेले असते. गाडीची मोठी बॅटरी उतरली, तरी दार याच पातीने उघडते. आत बसल्यावर बऱ्याच गाड्यांत चावी थेट स्टार्टच्या बटणाला टेकवून ब्रेक दाबला, की इंजिन सुरू होते, कारण चावीतली ओळख पटवणारी चिप गाडीच्या क्षेत्रातूनच वीज उचलते. तिला सेल लागत नाही. हा प्रयोग एखाद्या रविवारी घराच्या अंगणात, सगळ्यांसमोर करून पाहावा. रात्री नऊ वाजता आंबोली घाटाच्या पायथ्याशी ते झाकण पहिल्यांदा शोधण्यात फार वेळ जातो.

आणि मूळ उपाय तो क्रमाचा. गाडी नेहमी बाहेर उभे राहून, हातातल्या चावीने किंवा रिमोटने लॉक करायची. आतले बटण दाबून दार ढकलायचे नाही, एकदाही नाही. म्हणजे जुन्या गाड्यांनी जी सक्ती केली होती, ती स्वतःवर लावून घ्यायची. डिकी उघडण्याआधी एक पुढचे दार उघडून ठेवायचे, आणि चावी खिशात किंवा गळ्यातल्या दोरीत गेल्याशिवाय पहिली पिशवी उचलायची नाही. ‘चावी घेतली का’ असे दर वेळी आठवण्यापेक्षा हे सोपे आहे, कारण यात आठवावेच लागत नाही.

दुसरी चावी हा त्यानंतरचा आधार, आणि बहुतेक घरांत तिची आबाळ होते. गाडी घेतली त्या दिवशी ती कपाटाच्या लॉकरमध्ये जाते आणि काही वर्षांनी काढावी तर सेल संपलेला असतो. प्रवासाला जाताना ती त्याच गाडीच्या बॅगेत ठेवण्यात अर्थ नाही. सोबत्याच्या खिशात द्यावी. गाडी विकत घेताना चाव्यांबरोबर क्रमांक कोरलेली छोटी पट्टी किंवा पुठ्ठा मिळतो. तो जपून ठेवावा, फोटो काढून ठेवावा; नवी चावी करताना तो क्रमांक लागतो. इमोबिलायझरची, म्हणजे ओळख पटवणाऱ्या चिपची, नवी चावी म्हणजे पाती कापून घेणे आणि चिपची गाडीशी ओळख करून देणे अशी दोन कामे असतात, आणि खर्च सहज काही हजारांत जातो. चावी बदलून देणारी विम्याची पुरवणी याच खर्चासाठी मिळते. गाडी चोरीला गेली, तर विमा कंपनी दाव्याच्या वेळी दोन्ही मूळ चाव्या मागते आणि एक नसेल तर प्रश्न विचारते. तेव्हा जुनी गाडी घेणाऱ्यांनी व्यवहार होतानाच दोन्ही चाव्या हातात घ्याव्यात, दोन्हींनी चारही दारे आणि डिकी उघडून पाहावी आणि पुढे महिन्यातून एखादा दिवस दुसऱ्या चावीनेच गाडी चालवावी.